रिपीट कुठंय?

बुधवारी आमच्या गल्लीत माग बंद असतात.
त्या शांततेत कानाला कसंतरीच होतं,
जिना उतरताना शेवटची पायरी नसावी, तसं.
म्हणून मी पडद्यावर बुध उघडते.
ग्रह. वार नव्हे.

राखाडी, भाजलेला,
वैशाखातल्या होटगी रस्त्यासारखा, फक्त टपऱ्या नाहीत.
आणि खड्डे.
खड्ड्यात खड्डा, त्याच्या काठावर बसलेला तिसरा,
एक तर एवढा मोठा
की आपला काठ कुठे सुरू झाला हे तोच विसरलाय,
आणि बारीक बारीक किती,
तव्यावरच्या भाकरीला यावेत तसे फोड.

मी बावीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला.
मोठे थोडे, लहान पुष्कळ.
आधी पडलेल्यावर नंतरच्यानं पडायचं,
विचारायचं नाही.
एक आकडा द्यायचा, बीज म्हणून,
की अख्खी जमीन उगवते.
दुसरा दिला की दुसरी.
चारशे सतरा दिल्यावर जी उगवली
ती बघत मी चहा गार होऊ दिला.

इलय्या मामांचं दुकान अशोक चौकाच्या मागं, पत्र्याखाली.
एकेचाळीस वर्षं ते पुठ्ठ्याला भोकं पाडतायत.
गुलाब, मोर, जोडमोर, ताजमहाल,
एकदा एका पतसंस्थेचं बोधचिन्ह, ज्याचे पैसे अजून यायचेत.
भोक असेल तिथं सुई आत जाते, धागा उठतो.
नसेल तिथं धागा बसून राहतो.
भोक म्हणजे होकार,
हे त्यांनी मला सातवीत असताना सांगितलं होतं.
पुढे तेच मी फी भरून दोन सेमिस्टर शिकले.

माझा ग्राफ त्यांनी उलटा धरला, सुलटा धरला.
चष्मा कपाळावर.
"एंदिदि?"
"जमीन आहे, मामा. दुसरीकडची."
"रिपीट कुठंय?"
"नाही."
"नाही म्हणजे? मोरसुद्धा चार इंचानं परत येतो."
"इथं काहीच परत येत नाही."
बराच वेळ पंखाच बोलला.
मग म्हणाले,
"खड्डे पांघरून झोपणार कोण?
महापालिकेचा इंजिनियर?"

तरी पाडले.
नऊ दिवस, दोन हजार तीनशे पुठ्ठे.
एकाहत्तराव्या पुठ्ठ्यावर एक भोक जास्त आहे.
ग्राफात नाही ते. मी विचारलं नाही.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी मशीनखालून पोतं ओढलं,
भोकांतून निघालेल्या टिकल्यांचं.
ओंजळ भरली
आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर फेकली,
माझ्याकडे न बघता.
सगळ्या एकाच मापाच्या,
पण कुठे दाट, कुठे विरळ,
कुठे एकीवर एक चिकटलेली,
उंबऱ्याशी एकच, लांब, कुणाची नसल्यासारखी.
"हे घे. वीज लागत नाही."
मी म्हटलं, "परत फेकलं तर असंच पडेल?"
ते म्हणाले, "झाडू घे."

चादर एकच विणली.
खड्डे होते तिथं सूत उठून आलं होतं,
बोट आत जाईल म्हणून फिरवावं
तर ते टेकाडावर चढायचं.
मालक म्हणाले, सेकंडमध्ये टाका.

आता ती बसप्पा वॉचमनकडे आहे.
पौषात रात्री गेटजवळ गार वारा सुटतो
तेव्हा तो डोक्यावरून घेतो.
गुडघे वर केले की मधला मोठा खड्डा ताणून लांबतो.
कुशीवर वळला की दोन काठ एकमेकांत शिरतात,
एक सुरकुती येते,
नवी, तिरपी, गुडघ्यापासून हनुवटीपर्यंत.

चारशे सतरामध्ये ती नव्हती.
मी सगळे आकडे काही अजून बघितलेले नाहीत.